सिंधूची शेवटची जबानी आज कशी करायची?

वैरण (धागाकर्ती)

मंडळी, मदत हवी आहे.

आमच्या हौशी संस्थेने यंदा राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' घेतलंय. पदं निम्म्याहून कमी केलीत, तीन तासांत बसवायचं आहे. सिंधू माझ्याकडे आली. आली म्हणजे काय, बाकी तिघींनी नको म्हटलं म्हणून उरली. एकीने तर तोंडावर सांगितलं, "मला मार खाणारी बाई करायची नाही." मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं, आणि आता दोन महिने तालमी झाल्यावर तिचंच बरोबर होतं की काय असं वाटायला लागलंय.

ज्यांनी वाचलं-पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. सुधाकर हुशार वकील, पण डोक्याने तापट. कोर्टात अपमान होतो, हा उलट बोलतो, वकिलीची सनद काही काळ जाते. त्याचा कारकून तळीराम दुःखावर उतारा म्हणून एकच प्याला पाजतो आणि तिथून घर उताराला लागतं. सिंधूचं माहेर खाऊनपिऊन सुखी, पण ती तिथला पैसा घेत नाही. लोकांची दळणं दळून मूल सांभाळते. मध्ये सुधाकर दारू सोडतो, नोकरी शोधायला निघतो, जाईल तिथे हाडतहुडत होते आणि परत बाटलीकडे वळतो. शेवटी नशेत त्याच्या हातून मूल जातं, सिंधूलाही वर्मी लागतं. फौजदार येतो. ती मरता मरता नवऱ्याला वाचवणारी खोटी जबानी देते.

माझं घोडं अडलंय ते इथे. रडत केलं तर मागच्या रांगेतली पोरं खुसखुसतात (तालमीलाच, प्रयोगाला काय होईल!). कोरडं केलं तर ही बाई दगडाची आहे का असं वाटतं. आमचा दिग्दर्शक म्हणतो, "पतिव्रतेची आरती नको आणि तिची टिंगलही नको." मग काय हवं, ते त्याला सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट जात्याची. आधी थर्माकोलचं केलं होतं, ते खुंट्याला हात लावला की सगळंच्या सगळं फिरायचं. मग एकाच्या आजोळहून खरं जातं आलं. दोघांनी उचलून आणलं. पहिल्या दिवशी माझ्या तळव्याला दोन फोड. पण त्यातून एक कळलं. एका हाताने खुंटा ओढायचा आणि दुसऱ्या हाताने मुखात दाणे वैरायचे. मूठ मोठी पडली की भरड निघते, उशीर झाला की दगडावर दगड घासतो, दातांत कळ जाते. म्हणजे या बाईला मान वर करून नवऱ्याकडे बघायला फुरसतच नाही. मी आधी प्रत्येक वाक्याला डोळ्यांत पाणी आणून त्याच्याकडे बघत होते. ते सगळं गेलं. जात्यापाशी मला सिंधू सापडली, जबानीपाशी मात्र ती परत हरवते.

कोणी ही भूमिका केली आहे का? किंवा चांगली झालेली पाहिली आहे का?

उगाच_एक

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. ज्या बाईने शंभर वर्षं बायकांना मार गिळायला शिकवलं तिचा प्रयोग करायचाच कशाला? आमच्या घरात 'अगदी सिंधू आहेस' हे आजी सुनांना कौतुकाने म्हणायची आणि आई तेच वाक्य मावशीला चिडून म्हणायची. एकच वाक्य, अर्थ दोन.

आणि गंमत बघा. तळीरामाचं सामान्यनाम झालं. ३१ डिसेंबर आला की प्रत्येक वर्तमानपत्रात 'तळीरामांवर पोलिसांची करडी नजर'. पिणारा भाषेत गेला, मजेत गेला. जिने निस्तरलं ती गेली 'आदर्श'मध्ये. मला यातच सगळं आलं.

तिसरी_घंटा

वैरणताई, अडचण उत्तम मांडली आहे. मी भूमिका अर्थातच केलेली नाही, पण पडद्यामागे आयुष्य गेलं आहे, म्हणून दोन शब्द.

आपण विसरतो की ही सिंधू रंगमंचावर पहिल्यांदा एका पुरुषाने उभी केली. २० फेब्रुवारी १९१९, बडोदा, गंधर्व नाटक मंडळी. सिंधू बालगंधर्व (म्हणजे नारायणराव राजहंस), सुधाकर गणपतराव बोडस. गडकरी तो प्रयोग पाहू शकले नाहीत. २३ जानेवारीला सावनेरला ते गेले होते, वय अवघं तेहतीस. पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांनी करून दिली. म्हणजे आज ज्या पदांनी सिंधू आठवते ती नाटककाराची नव्हेत. आमच्या पिढीला तर 'कशि या त्यजू पदाला' आधी कानावर पडलं आणि नाटक नंतर कळलं.

तेव्हाचा प्रेक्षक बालगंधर्वांचे शालू, दागिने, खोपे बघायला यायचा. 'मानापमाना'तली भामिनी, 'स्वयंवरा'तली रुक्मिणी. लोकांच्या घरातल्या बायका त्यांच्यासारखं नेसायला शिकल्या. आणि तोच नट इथे ठिगळाचं लुगडं नेसून जात्याशी बसतो. पहिल्या प्रेक्षकांना जो धक्का बसला असेल त्यात सिंधूची गरिबी जितकी, तितकंच 'आमच्या नारायणरावांचं हे काय झालं' हेही असणार, असा माझा कयास. तुमच्या अंगावर ती पुण्याई नाही, त्यामुळे नुसत्या फाटक्या लुगड्याने तुमचं काम होणार नाही.

लहानपणी एका फिरत्या कंपनीची सिंधू मैदानात पाहिली होती. बाईंचा आवाज मोठा गोड. जबानीच्या जागी त्यांनी पद लांबवलं, 'वन्स मोअर' आला आणि मेलेल्या बाळाला मांडीवर ठेवून त्यांनी ते परत म्हटलं. मला तेव्हाही हसू आलं होतं. माझ्या शेजारची बाई मात्र पदराने तोंड झाकून हुंदके देत होती. दोघंही खरेच.

वाट_चुकलेला

सिंधू म्हणजे तीच ना, जिच्यावरून बालविवाहाचा शारदा कायदा आला?

तिसरी_घंटा

@वाट_चुकलेला, नाही हो. ती शारदा, नाटककार गोविंद बल्लाळ देवलांच्या १८९९ च्या नाटकातली, म्हाताऱ्याशी लग्न लावायला निघतात ती. आणि १९२९ च्या कायद्याला नाव तिचं नव्हे, हरबिलास सारडा नावाच्या गृहस्थांचं. मराठी माणसाने 'सारडा'चं 'शारदा' परस्पर करून घेतलं. त्यात भर म्हणजे 'एकच प्याला'त सुधाकरच्या बालविधवा बहिणीचं नाव शरद. तेव्हा तुमचा गोंधळ क्षम्य आहे.

वाट_चुकलेला

दंडवत. वाट चुकलो तरी चालेल पण धागा सोडत नाही.

कातरवेळ

@उगाच_एक, 'त्या काळी दुसरा मार्गच नव्हता' असं कोणी म्हणायच्या आत मीच सांगते की होता. खडतर होता, पण होता. रखमाबाईंचा खटला १८८४ ला उभा राहिला. लहानपणी लावलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही, तुरुंगात घाला, असं त्या कोर्टाला सांगत होत्या. सिंधू रंगमंचावर यायच्या तीस-पस्तीस वर्षं आधी. पुढे त्या डॉक्टर झाल्या. गडकऱ्यांच्या प्रेक्षकाला हे माहीत नव्हतं असं नाही. तेव्हा सिंधू हा काळाचा आरसा वगैरे नाही, ती नाटककाराने केलेली निवड आहे.

पण त्याच नाटककाराने गीताही लिहिली आहे ना! तळीरामाची बायको. नवरा तसाच बेवडा, पण ही त्याला उभ्या उभ्या सोलून काढते. फटकळ, अशिक्षित, विनोदी म्हणून आपण तिला हसतो आणि सोडून देतो. सिंधूच्या पडत्या काळात तिच्या हाताशी कोण असतं? हीच. एकाच घरात दोघी समोरासमोर ठेवल्या आहेत. माझी तक्रार अशी की ओव्या सिंधूला आणि शिव्या गीताला, असं वाटप करून गडकऱ्यांनी बोलणारीला हास्याच्या खात्यात टाकलं. वैरण, तुमची गीता कोण करतंय? तिला विनोदी करू नका, सिंधूचा निम्मा प्रश्न तिथे सुटेल.

मंदसप्तक

वाचनखूण साठवली. एक वेगळी आठवण झाली.

शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'तली डेस्डिमोना. नवरा तिला गुदमरवतो, दासी एमिलिया धावत येते, हे कोणी केलं म्हणून विचारते, आणि ही म्हणते कोणी नाही, मीच. वर नवऱ्याला नमस्कारही सांगते. मरता मरता नवऱ्याला वाचवणारं खोटं, अगदी हेच. मराठी रंगभूमीला ही बाई नवी नव्हती, देवलांनी १८९० मध्ये 'ऑथेल्लो'वरून 'झुंजारराव' केलं होतं. गडकऱ्यांनी तिथून उचललं असं मी म्हणत नाही, माझ्याकडे पुरावा नाही आणि गडकरीभक्तांचा मार खायची इच्छाही नाही.

फरक मात्र बघण्यासारखा आहे. तिथे ते खोटं दोन मिनिटंही टिकत नाही. नवरा स्वतःच मी मारलं म्हणतो आणि मग एमिलिया सगळ्यांसमोर त्याचं आणि स्वतःच्या नवऱ्याचं पितळ उघडं पाडते, जीव देऊन. म्हणजे कातरवेळ म्हणतात त्या 'फटकळ बाई'ला शेक्सपिअरने शेवटचा प्रवेश दिला. इथे सिंधूचं खोटं कोणी बाई मोडत नाही. सुधाकरच शेवटच्या प्याल्यात विष कालवून पितो. म्हणजे तिने वाचवलेलं फुकटच गेलं. मला सिंधूची शोकांतिका तिच्या मरणात दिसत नाही. तिने जाताना एकुलती एक वस्तू दिली आणि घेणाऱ्याने ती लगेच फेकून दिली, यात दिसते.

उगाच_एक

फेकून दिली नाही हो, प्रायश्चित्त घेतलं. आणि बघा, प्रायश्चित्तसुद्धा त्याचंच. नाटकाचं नाव त्याच्या प्याल्यावर, पहिला प्याला त्याचा, शेवटचा प्याला त्याचा. ही मध्ये दळत बसली.

मंदसप्तक

@उगाच_एक, हे वाक्य मात्र चोरणार आहे.

काळा_कोट

(बाई आहे. आयडी जुना आहे, बदलायचा कंटाळा.)

मी फौजदारी वकिली करते आणि नाटकातलं मला फारसं कळत नाही. पण ती जबानी वाचून आज दुपारी कामात लक्ष लागलं नाही, म्हणून लिहिते.

मृत्यूपूर्व जबानी हा पुराव्याचा अजब प्रकार आहे. ऐकीव गोष्ट कोर्ट एरवी मानत नाही, पण मरणाऱ्या माणसाने आपल्या मरणाचं कारण सांगितलं तर ते मानतं. १८७२ च्या पुरावा कायद्यात ते कलम ३२ होतं, नव्या साक्ष अधिनियमात २६. शपथ लागत नाही, उलटतपासणी अर्थातच होत नाही. मरणाच्या दारातला माणूस खोटं बोलणार नाही, या विश्वासावर ते उभं आहे. गडकऱ्यांनी बरोबर तोच विश्वास सिंधूच्या हाती दिला. आणि कोणासाठी? तर वकिलासाठी! सुधाकरला त्या जबानीचं वजन तिच्याहून जास्त कळतं. प्यायलो होतो हा बचाव चालत नाही हेही त्याला ठाऊक असणार, आपण होऊन घेतलेली नशा भारतीय दंड संहितेत माफीचं कारण नव्हती (कलम ८५-८६).

आता मुद्द्याचं. मी या जबान्या वाचल्या आहेत. थोड्याथोडक्या नाहीत. 'स्टोव्हचा भडका उडाला.' 'चहा करताना पदर पेटला.' 'जिन्यावरून पाय घसरला.' डॉक्टर शुद्धीवर असल्याचा शेरा देतो, दंडाधिकारी लिहून घेतो. हाताची बोटं भाजलेली असली तर पायाच्या अंगठ्याचा ठसा. यांतल्या किती खऱ्या आणि किती सिंधूच्या, ते त्या बायकांना माहीत. पण वाचून वाचून एक सवय लागते. खरं सांगणारी अडखळते, मागचं पुढे करते, मध्येच मुलाचं काहीतरी बोलते. पढवलेली किंवा स्वतःच ठरवलेली जबानी सरळ येते. स्टोव्ह कुठे होता, रॉकेल किती होतं, पदर कुठल्या बाजूचा, सगळं ओळीने. पाककृती सांगावी तसं.

आणि दुसरं. ऐकणाऱ्यालाही कळतं. तो लिहितो. कारण त्याला जे सांगितलं तेच लिहायचं असतं.

वैरण, तुम्ही सगळं सिंधूवर लादताय. तुमचा फौजदार त्या वेळी काय करतो?

वैरण

@काळा_कोट, तुमचा प्रतिसाद तालमीत मोठ्याने वाचून दाखवला. कोणी काही बोललं नाही, चहा आला तरी कोणी उठलं नाही.

आमचा फौजदार म्हणजे बँकेत काम करणारे एक काका. त्यांना दोनच गोष्टी माहीत होत्या, मिशी आणि ताठ उभं राहणं. मी बोलत असताना ते मान डोलवायचे, कीर्तनाला बसल्यासारखे. आता त्यांच्या हातात वही आणि टाक दिलाय. वाक्य एकही वाढवलेलं नाही, गडकऱ्यांच्या मजकुराला हात लावायची आमची छाती नाही. फक्त मी बोलते तेव्हा ते लिहितात, एका जागी थांबतात, माझ्याकडे बघतात, आणि मग पुढे लिहितात. बस्स. पहिल्यांदा केलं तेव्हा माझ्याच पोटात कालवलं. मला कळलं की त्याला कळलंय, आणि तरी मला पुढचं वाक्य बोलायचं आहे.

मी रडणं काढलं. पाककृती सांगावी तसंच सांगते.

@कातरवेळ, गीता करणाऱ्या मुलीला तुमचा निरोप दिला. ती म्हणाली, "मग मला टाळ्या कुठे मिळणार?" पण करतेय. तळीरामाला झापताना ती आता प्रेक्षकांकडे बघत नाही, त्याच्याकडेच बघते. हशा येतो, पण जरा उशिरा येतो.

@उगाच_एक, तुमचं 'मध्ये दळत बसली' आमच्या दिग्दर्शकाने फळ्यावर लिहून ठेवलंय.

तिसरी_घंटा

वहीच्या जागेला प्रकाश कमी करू नका. आणि टाक खराखुरा शाईत बुडवून लिहायला लावा. कोरडा टाक कागदावर वेगळा वाजतो, पहिल्या तीन रांगांना कळतं.

उगाच_एक

फळा वगैरे ठीक, पण माझं मत बदललेलं नाही. तरी प्रयोग कळवा. येईन आणि शिव्या घालेन.

वैरण

धागा वर काढतेय. परवा प्रयोग झाला.

आधी फजिती सांगते. नाट्यगृहाचा माइक पहिल्या अंकभर खरखरत होता, नाव घेत नाही, पण भाडं पूर्ण घेतलं. जातं रंगमंचावर चढवताना वरची तळी निसटली, एकाचं बोट थोडक्यात वाचलं. तळीरामाला प्रवेशालाच टाळी मिळाली, एक शब्द बोलायच्या आत. @उगाच_एक, तेव्हा तुमची आठवण आली. (आला होतात का? शिव्या ऐकू आल्या नाहीत.)

जबानीच्या आधी दिग्दर्शकाने एक कल्पना काढली होती की बोलताना माझा उजवा हात आपोआप जातं ओढल्यासारखा गोल फिरत राहावा. तालमीत सगळ्यांना फार आवडलं. मलाही. रंगीत तालमीचं चित्रीकरण पाहिलं तर ती सिंधू दिसेना, दिग्दर्शकाची कल्पना दिसत होती. काढून टाकलं. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

प्रयोगात हात मांडीवर ठेवला होता. सरळ सांगत गेले. काकांनी नको तितका वेळ घेतला, टाक हवेत धरून बसले, मला वाटलं विसरले. मागच्या रांगेतली पोरं हसली नाहीत. कोणी रडल्याचंही ऐकू आलं नाही. मला त्या शांततेचा अर्थ लागला नाही. पुढचं वाक्य म्हणायला मीच घाबरले. मग टाक बुडवल्याचा आवाज आला आणि म्हटलं.

नंतर रंगपटात नेहमीची माणसं येऊन 'छान झालं, अंगावर काटा आला' वगैरे म्हणून गेली. सगळ्यात शेवटी एक म्हाताऱ्या बाई आल्या. नऊवारी, हातात कापडी पिशवी. छान झालं म्हणाल्या नाहीत. जात्यापाशी वाकल्या, खुंटा हलवून पाहिला, खाली सांडलेलं चिमटीत घेऊन बोटांत चोळलं.

"खुंटा सैल आहे, ठोकून घे," म्हणाल्या. "आणि मूठ लहान कर. जाड पडतंय तुझं."